आत्याची चटणी, वरदची गोळी

सोलापूर,
३ मार्च २०२५

चि. वरद,

आशीर्वाद. किती, ते तुझ्या वागण्यावर ठरेल.

टेंभुर्णीला पोचल्याचा तुझा फोन आला. "पोचलो, बरा आहे, ठेवतो." अकरा सेकंद. म्हणून हे पत्र. फोनवर माणूस "बरा आहे" म्हणतो आणि सुटतो. कागदावर तेवढंच लिहून पाकीट चिकटवायला त्याला लाज वाटते. तेव्हा दर पंधरवड्याला तुझं एक पत्र यायला हवं, स्वतःच्या हातानं लिहिलेलं, कागदाच्या दोन्ही बाजू भरून. टपालखातं अजून चालू आहे, मी चौकशी केली आहे.

तुझ्या बाबांनी पंढरपूरहून तुला कॉलेजसाठी माझ्याकडे पाठवलं, त्याला आता नऊ वर्षं झाली. त्यातल्या सहा वर्षांत तुझं आजारपण, डॉक्टर आणि ती रिस्पेरिडोनची गोळी आपल्या घरातच राहिली. दोन वर्षांपूर्वी "आता मी ठणठणीत आहे" म्हणून तू गोळी आपल्या मनानं सोडलीस आणि सहाव्या आठवड्यात मागच्या गल्लीतले यंत्रमाग तुझं नाव घेऊन बोलायला लागले. तुला ते दिवस नीट आठवत नसतील. मला आठवतात. म्हणून सांगते, गोळी रोज जेवणानंतर, ठरलेल्या वेळी. एखाद्या दिवशी विसरलास तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत. अंथरुणातून ताडकन उठायचं नाही, चक्कर येते. उन्हात पाणी पीत राहायचं, कारण या गोळीनं शरीराला ऊन सोसत नाही आणि आपल्या जिल्ह्यात ऊन सोडून दुसरं काही मुबलक मिळत नाही. ट्रकवाल्यांच्या संगतीत दारूचा थेंबही नको.

सोबत शेंगाचटणीचा डबा आहे. पाव किलो. रोज एक सपाट चमचा खायचा. जास्त नाही, कमी नाही. कोणाला द्यायची नाही. परक्या गावात तुला चटणी पुरायला हवी, म्हणून सांगते.

तुझी,
अनसूया आत्या


टेंभुर्णी,
१० मार्च २०२५

ती. आत्या,

साष्टांग नमस्कार. खोलीत साष्टांग घालण्याइतकी जागा नाही, तरी मानून घे.

खोली हायवेपासून दोन मिनिटांवर आहे. रात्रंदिवस गाड्या जातात. एकही माझं नाव घेत नाही, हे तुझ्या माहितीसाठी.

काम मजेचं आहे. शिवकुमारशेठची ट्रान्सपोर्ट कंपनी म्हणजे एक पत्र्याचं ऑफिस, दोन टेबलं आणि पंधरा ट्रक. माझं काम बिल्ट्या लिहायचं. कोणत्या गाडीत काय माल, किती पोती, कोणाकडून कोणाला, ते सगळं बिल्टीवर हातानं लिहायचं, खाली कार्बन घालून चार प्रती. कॉम्प्युटर आहे, पण शेठ म्हणतात, "त्येला लाईट लागती. पेनाला लागती का?" माझं अक्षर बघूनच त्यांनी मला घेतलं. आठवीपर्यंत दर सुट्टीत तू माझ्याकडून रोज दहा ओळी शुद्धलेखन काढून घेतलंस, ते कामी आलं. तीन महिने बघणार, मग कायम करणार.

दुसऱ्या टेबलावर विरेश बसतो. अक्कलकोटकडचा आहे, घरी कानडी, ऑफिसात मराठी आणि गिऱ्हाईकाशी भांडताना दोन्ही. तुझा डबा आला त्याच दिवशी त्यानं विचारलं, "डब्यात काय आणलायस?" मी चटणी लपवली. तुझा हुकूम.

गोळी रोज घेतो. सात खणांची डबी टेबलावर ठेवली आहे, रविवारी भरतो. एकही चुकलेली नाही. इथं मी एकटा आहे आणि मला कोणी "घेतलीस का?" विचारत नाही. आत्या, खरं सांगू? न विचारता घ्यायला बरं वाटतं.

चटणी चांगली आहे, पण जरा कडवट लागते. शेंगदाणे खवट निघाले का?

तुझा,
वरद


सोलापूर,
१५ मार्च २०२५

चि. वरद,

पत्र मिळालं. अक्षराला दहापैकी आठ. शिरोरेघा अजून घाईत मारतोस.

शेंगदाणे खवट नाहीत. मी खवट शेंगदाणे घरात येऊ देत नाही. कारळं घातली आहेत, त्यांचा कडवटपणा. कारळं प्रकृतीला चांगली. चमचा चुकवू नकोस.

इथं पाणी आता पाच दिवसांनी येतं. ज्या दिवशी येतं त्या दिवशी आख्खी गल्ली पहाटे चारला उठून बादल्यांशी बोलत असते. तुझ्या खोलीत नळ रोज येतो का, ते लिहिलं नाहीस. तू "न विचारता घ्यायला बरं वाटतं" असं लिहिलंस, ते वाचलं. मी सदतीस वर्षं मुलींना विज्ञान शिकवलं. "बाई, घरचा अभ्यास केलाय, वही घरी राहिली" हे मी इतक्यांदा ऐकलं आहे की आता वही बघितल्याशिवाय माझा कोणावर विश्वास बसत नाही. हा माझा दोष असेल. या वयात दुरुस्त होणार नाही.

वजन करत जा. या गोळीनं भूक वाढते. साखरेची तपासणी एप्रिलअखेर आहे, तेव्हा इथं यायचं.

तुझी आत्या


टेंभुर्णी,
२७ मार्च २०२५

ती. आत्या,

नमस्कार. पत्राला उशीर झाला. नळ रोज येतो. वजन जैसे थे.

इथं ऊन फार आहे. त्यानं अंग जड झाल्यासारखं वाटतं. चालायला लागलो की विरेश मागून म्हणतो, "काय ओ, वरातीत चाललायसा काय?" हात हलत नाहीत म्हणे माझे चालताना. मी हलवून दाखवले, तर तो आणखी हसला.

बिल्ट्यांचं जरा अडतंय. अक्षर बारीक येतंय. ओळ सुरू करताना बरं असतं, शेवटाला जाईपर्यंत आपोआप आखडत जातं. परवा येडू नावाचे आमचे जुने ड्रायव्हर बिल्टी डोळ्याला लावून म्हणाले, "सायेब, ह्ये लिव्हलंय का मुंग्या सोडल्यात?" सगळे हसले, मीही हसलो. हसताना चेहरा ताणला जात नाहीये असं वाटलं. उन्हानंच असेल.

दोन्ही बाजू भरल्या नाहीत, रागावू नकोस. हात दुखतो.

वरद


सोलापूर,
१ एप्रिल २०२५

चि. वरद,

आजची तारीख बघून हे पत्र थट्टेचं समजू नकोस.

तुझं पत्र भिंग घेऊन वाचलं. शाळेत दोन्ही तुकड्यांना मी एकच सांगत असे. अक्षर लहान होणं म्हणजे मन लहान होणं. अक्षराला दहापैकी तीन, आणि तेही तू माझा भाचा म्हणून. नोकरी अक्षरावर मिळाली, ती अक्षरावरच जाईल.

आता सरळ विचारते. गोळी घेतोस ना? अंग जड आहे, काम अडतंय, पत्र त्रोटक आहे, उशिरा आलेलं आहे. दोन वर्षांपूर्वी सुरुवात अशीच झाली होती. तू "घेतो" म्हणशील. तेव्हाही म्हणत होतास.

चटणी दीड चमचा खात जा. अशक्तपणा आहे तुला.

आत्या


टेंभुर्णी,
८ एप्रिल २०२५

ती. आत्या,

हे पत्र लिहायला दोन दिवस लागले. वाचता आलं नाही तर भिंग घे, पण आधी शेवटपर्यंत वाच, मग गुण दे.

मी गोळी घेतो. रोज. मला काय होतंय ते मागच्या पत्रात लपवलं, ते आता लिहितो. उजवा हात थरथरतो. शर्टाची बटणं लावायला दहा मिनिटं लागतात. बोलता बोलता तोंडातून लाळ येते, म्हणून मी ऑफिसात रुमाल धरून बसतो आणि सर्दी झालीय सांगतो. गोळीच्या खोक्यातला कागद काढून वाचला. अंग ताठणं, हात थरथरणं, लाळ, सगळं त्यात लिहिलेलं आहे. पण सहा वर्षं मी हेच औषध घेतोय, दीड वर्ष डोसही हाच. असं कधीच झालं नव्हतं. मग आताच का?

शेठनी काल बोलावलं. ओरडले नाहीत, त्याचंच वाईट वाटलं. म्हणाले, "वरद, तुझं अक्षर बघून तुला घेतलं होतं. म्हैनाअखेरपर्यंत हात सुधारला तर ठीक. न्हाईतर बिल्टीला मला दुसरा माणूस बघावा लागंल." आत्या, ही माझी पहिली नोकरी आहे जी मी स्वतः मिळवली.

म्हणून मी ठरवलंय. येत्या रविवारपासून गोळी बंद, डबी भरायचीच नाही. गोळी घेऊन नोकरी जाणार असेल तर ती काय कामाची? मागाच्या आवाजाचं मी बघून घेईन. इथं मागही नाहीत.

आणखी एक. विरेशनं काल माझा डबा उघडून चटणी खाल्ली. तीन चमचे, भाकरीबरोबर, "भारी हाय की!" म्हणत. दुपारी तो टेबलावर डोकं ठेवून असा झोपला की फोन वाजून वाजून थांबला. उठवला तर उभा राहताना तोल गेला. तालुक्याच्या डॉक्टरांकडे नेलं, बीपी कमी निघालं, संध्याकाळपर्यंत ठेवून घेतलं. आता बरा आहे. डॉक्टर म्हणाले ऊन लागलं असेल. सावलीत बसून?

वरद


सोलापूर,
११ एप्रिल २०२५

वरद,

काल तुझं पत्र दुपारी मिळालं आणि मी लगेच फोन केला. तीनच गोष्टी सांगितल्या. चटणी फेकून दे, कोणालाही मिळणार नाही अशी. गोळी बंद करू नकोस. आजच्या आज आपल्या डॉ. सुकन्यांना फोन कर. तू विचारलंस, "चटणी का?" मी फोन ठेवला. अकरा सेकंदांचे फोन मलाही करता येतात, हे मला माहीत नव्हतं.

आता लिहिते.

चटणीत कारळं नव्हती. दीड वर्षापूर्वी तुझा डोस बदलला, तेव्हा दोन मिलिग्रॅमच्या जुन्या बऱ्याच पट्ट्या घरात उरल्या होत्या. त्यातल्या पाच काढल्या, म्हणजे पन्नास गोळ्या. तू टेंभुर्णीला जायचं ठरवलंस त्या आठवड्यात मी त्या खलबत्त्यात कुटून पाव किलो चटणीत मिसळल्या. पाव किलोचे पन्नास चमचे होतात, मी मोजून बघितलं होतं. हिशोब असा की तू गोळी सोडणारच, आणि सोडलीस तरी चमच्यातून थोडं औषध पोटात जाईल.

तू सोडली नाहीस. तू रोज तुझी पूर्ण गोळी घेतलीस आणि त्यावर माझी. मी अक्षराला तीन गुण दिले, आणि चमचा दीड केला.

विज्ञान शिकवणाऱ्या बाईनं प्रयोग सुरू करायच्या आधीच निष्कर्ष लिहून ठेवला होता. पूड चटणीत सारखी मिसळत नाही, एखाद्या चमच्यात दुप्पट जाऊ शकते, हे आठवीच्या मुलीलाही कळतं. मला कळत होतं. मी कळू दिलं नाही.

डॉक्टरांना मी स्वतः सगळं सांगितलं. त्या माझ्यापेक्षा तीस वर्षांनी लहान आहेत. त्यांनी आवाज चढवला नाही, फक्त विचारलं, "अनसूयाताई, त्या दुसऱ्या मुलाला श्वासाचा त्रास झाला असता तर?" त्यांनी तुला उद्या, शनिवारी, बोलावलं आहे, ते फोनवर तुला कळलंच असेल. विरेशला काय झालं ते तिथल्या डॉक्टरांना हे पत्र मिळताच त्याच्यासमोर सांग. लपवू नकोस. लपवण्याचं काम घरात मी पुरेसं केलं आहे.

मी माफी मागते. ही शब्दरचना मला सवयीची नाही, तेव्हा नीट जमली नसेल.

अनसूया


टेंभुर्णी,
१८ एप्रिल २०२५

आत्या,

शनिवारी सोलापूरला येऊन डॉक्टरांना भेटून गेलो. घरी आलो नाही. सात रस्ता चौकात उतरलो, तिथूनच परत एसटी पकडली. तुला शेजारच्यांनी सांगितलं असेलच.

डॉक्टरांनी हात हलवून बघितले, चालायला लावलं, एक ओळ लिहायला लावली. ओळ शेवटी आखडली तशी त्या म्हणाल्या, "हे औषध जास्त झाल्याचं लक्षण आहे. मेंदूतल्या एका रसायनाचं काम औषध दाबतं. जास्त दाबलं की हात असा आखडतो. जास्तीचं बंद झालंय, आता हळूहळू सुटेल. काही दिवसांसाठी एक छोटी गोळी देते. नेहमीची मात्र आहे तशीच चालू. ती तुम्ही एकदम थांबवली असती तर आज तुम्ही माझ्यासमोर वेगळ्या कारणासाठी बसला असतात." मी विचारलं, "आणि असं होतंय हे मी आधी कळवायला हवं होतं का?" त्या म्हणाल्या, "पहिल्याच दिवशी. लाज वाटून रुमाल धरायचा नाही, फोन करायचा." तर चूक माझीही आहे, थोडी.

मग त्यांनी विचारलं, "किती गोळ्या चुकल्या?" मी सात खणांची डबी आणि रिकाम्या पट्ट्या टेबलावर ठेवल्या. त्यांनी मोजल्या. एकही नाही.

आत्या, राग चटणीचा नाही. तू सहा वर्षं माझ्यासाठी काय केलंस ते मला माहीत आहे. पण मी इथं रोज ती डबी उघडत होतो आणि मनात म्हणत होतो, बघ, कोणी बघत नाही तरी घेतोय. आणि तू बघत होतीस. डब्यातून.

विरेशला सांगावं लागलं. चटणीत काय होतं ते सांगायचं तर मला काय आहे तेही आलंच. तोंड धुऊन, सदरा इस्त्री करून सांगायला गेलो, जसं काही मुलगी बघायला चाललोय. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "म्हंजे तू हे रोज खाऊन काम करतोस? आणि ते बी डबल? मी एका दुपारीत आडवा झालो की! मर्दा, तुझ्यात बैलाचं रक्त हाय काय?" हेच त्यानं शेठनाही सांगितलं, माझ्याआधीच, मला विचारलंही नाही. मी राजीनाम्याच्या तयारीनं गेलो. शेठ म्हणाले, "मी बीपीची खातो, आमची मालकीण थायरॉईडची खाती. तू तुझी येळेवर खा, बास. पण तुझ्या आत्याबाईंनी पाठवलेलं काय बी या ऑफिसात उघडायचं न्हाई."

महिनाअखेरीची मुदत मात्र तशीच आहे. म्हणाले, दया करून बिल्टी वाचता येत नाही.

माझ्या अटी लिहितो. माझ्या औषधाला तू हात लावायचा नाहीस. उरलेल्या पट्ट्या घरात ठेवायच्या नाहीत, त्या मेडिकलवाल्याकडे परत द्यायच्या. आणि एप्रिलअखेरच्या तपासणीला मी डॉक्टरांकडे एकटा आत जाणार. सहा वर्षं त्या मला प्रश्न विचारतात आणि उत्तर तू देतेस.

वरद


सोलापूर,
२२ एप्रिल २०२५

चि. वरद,

अटी मान्य. पट्ट्या आज दिल्या. मेडिकलवाला म्हणाला, "एवढ्या कशाला साठवल्या, बाई?" मी पिशवी काउंटरवर उलटी केली आणि निघाले.

शेवटच्या अटीबद्दल एक शंका. तुला साखरेचा मागचा आकडा लक्षात असतो का? झोपेचं वेळापत्रक? मागच्या वेळी डॉक्टरांनी विचारलं "चिडचिड होते का?" आणि तू "नाही" म्हणालास, जेव्हा त्याच सकाळी तू मिक्सरवर ओरडला होतास. मी निदान दारात उभी राहू का? बोलणार नाही. फक्त उभी राहीन.

हे लिहून वाचलं. खोडत नाही. मी कशी आहे ते तुला माहीत असलेलं बरं. मी दारात उभी राहणार नाही.

घरी उतरला नाहीस तेव्हा दोन माणसांचा स्वयंपाक झालेला होता. रात्रीही तोच खाल्ला, दुसऱ्या दिवशीही. हे तक्रार म्हणून लिहीत नाही. अन्न वाया जाऊ नये म्हणून.

हात कसा आहे?

आत्या


टेंभुर्णी,
३० एप्रिल २०२५

ती. आत्या,

साष्टांग नमस्कार. यावेळी खाट उभी करून खरोखर घातला.

अक्षर बघतेच आहेस. शेवटच्या शब्दापर्यंत सरळ आहे. लाळ थांबली. बटणं पहिल्यासारखी लागतात. परवा येडूकाका बिल्टी घेऊन म्हणाले, "आरं तिच्या! मुंग्यांचं हत्ती झालं की!" आणि चारही प्रतींवर बोट फिरवून दाखवलं सगळ्यांना.

आज महिनाअखेर. शेठनी सकाळी मला नांदेडच्या गाडीची बिल्टी लिहायला सांगितली. छत्तीस नग, सात गिऱ्हाईकं, म्हणजे लांबच लांब. माझ्या मागे उभे राहून बघत होते. तूच उभी आहेस असं वाटलं आणि माझा कान गरम झाला. शेवटची ओळ संपली तेव्हा त्यांनी बिल्टी पुस्तकातून फाडून ड्रायव्हरला दिली. जेवणाच्या सुट्टीत विरेश म्हणाला, "जाहिरात द्यायची होती पेपरात, माणूस पायजे म्हणून. ती शेठनी फाडली." मग माझ्या डब्यात वाकून बघितलं आणि झाकण परत लावलं. "फक्त बघत होतो," म्हणाला.

तपासणी एप्रिलअखेरऐवजी आता सोमवारी, पाच मेला, अकरा वाजता. आदल्या रात्रीपासून उपाशी राहून साखर तपासायची, मला आठवण आहे. झोप रात्री दहा ते सहा. चिडचिड आहे, पण ती एका विशिष्ट व्यक्तीबद्दल होती आणि कमी होत चालली आहे. हे मी डॉक्टरांना स्वतः सांगेन.

तू ये. दारात नाही, बाकावर बस.

यावेळी घरी उतरणार आहे. दोन माणसांचा स्वयंपाक चालेल.

वरद


सोलापूर,
७ मे २०२५

चि. वरद,

आशीर्वाद. यावेळी मोजून दिलेले नाहीत.

तू आत असताना बाहेर काय झालं ते तुला कळायला मार्ग नाही, म्हणून लिहिते. डॉक्टरांनी दार उघडून "वरद" म्हटलं आणि मी उठले. सहा वर्षांची सवय, गुडघ्यांना आहे, मला नाही. तू मागे वळून बघितलंस. मी बसले.

तू आत पंचवीस मिनिटं होतास. डॉक्टरांच्या भिंतीवर घड्याळ आहे, हे मला आजवर माहीत नव्हतं, कारण मी बाहेर कधी बसलेच नव्हते. पर्समध्ये अकरा प्रश्नांचा कागद होता. तो मी काढला नाही. दोनदा पर्स उघडली, पण रुमालासाठी.

शेजारी मीनाबाई नावाच्या एक बाई बसल्या होत्या, आणि त्यांच्या पलीकडे त्यांची विशीतली मुलगी. त्यांनी विचारलं, "तुमचा मुलगा का आत गेला तो?" मी म्हटलं, "भाचा." "एकटाच सोडलात? आत काय सांगतो, काय न्हाई, कुणाला ठावं."

मी म्हटलं, "मलाही ठाऊक नाही."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मलाच आत पाठवायला हवं. मग मी त्या मुलीला विचारलं, "नाव काय गं तुझं?" आई म्हणाली, "बुद्धप्रिया." मी विचारलं, "गोळीनं झोप फार येते का?" आई म्हणाली, "लई येती. दुपारपर्यंत उठत न्हाई." मी म्हटलं, "बाई, मी तिला विचारलं." मीनाबाई जरा रागावल्या. मुलगी आधी आईकडे बघत राहिली, मग हळूच म्हणाली, "झोप नाही येत. पाय स्थिर राहत नाहीत. रात्रभर फेऱ्या मारते मी, म्हणून सकाळी झोपते." मीनाबाई तिच्याकडे वळल्या. "आगं, मला कधी बोलली न्हाईस?" मुलगी म्हणाली, "तू विचारलं कुठं?"

मी म्हटलं, "हे आत गेल्यावर तूच सांग. अगदी असंच सांग." औषधाबद्दल मी एक शब्दही जास्त बोलले नाही. तो अधिकार डॉक्टरांचा आहे, हे मला एप्रिल महिन्यात शिकवलं गेलं आहे.

तेवढ्यात तू बाहेर आलास. तुझ्या हातात नवी चिठ्ठी होती. तू ती घडी करून खिशात ठेवलीस. मी हात पुढे केला नाही. चपला घालताना विचारलं नाही. जिन्यात विचारलं नाही. रिक्षात बसल्यावर सात रस्त्यापर्यंत मी बाहेर बघत होते, आणि त्या रस्त्यावर बघण्यासारखं काहीही नाही.

हे तुझ्या लक्षात आलं असेल, अशी आशा आहे. पुन्हा जमेल याची हमी देत नाही.

तुझी,
अनसूया आत्या